डावी, उजवी

३ जून २०२५, मंगळवार. श्रीवर्धन. रात्रीचे अकरा.

आज आजीचं वर्षश्राद्ध. तिथीने नेमकं २०२०च्या निसर्ग वादळाच्या तारखेलाच आलं. पानं तीसेक. वाढताना चार जणींच्या तोंडून तरी तोच शब्द ऐकला. "तुझी आजी म्हणजे अगदी सोशिक हो!" हातात खिरीचं पातेलं होतं म्हणून गप्प बसले.

आजी सोशिक नव्हती. चिडकी होती. सकाळी चूल नीट पेटली नाही तर चुलीशी भांडायची. पोफळीवर चढणारा माणूस दोन दिवस उशिरा आला तर त्याला चहा द्यायची, पण कप असा आपटायची की अर्धा चहा बशीत. आधी सासूचं केलं, मांडीचं हाड मोडून पणजी दोन वर्षं खाटेवर होती. मग आजोबांचं, अर्धांगवायूनंतर आठ वर्षं. ही दहा वर्षं तिने हसतमुखाने काढली असं कुणी म्हणालं की मला आठवतं ते तिचं ओरडणं : "पिठाच्या गोणीसारखे काय पडता, जरा जोर लावा की!" आणि आजोबा खरंच जोर लावायचे. उजवा हात चालत होता तेवढ्याने खाटेची कड धरायचे.

दर दोन तासांनी कूस बदलायची. हे तिला डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं. एका जागी भार राहिला की तिथलं रक्त अडतं, कातडी मरते आणि जखम होते, एवढं तिला कळलं होतं, बाकीचं तिने स्वतः बसवलं. सकाळच्या बातम्या लागल्या की डावी. मुंबईची एसटी गेली की उजवी. रात्री गजराचं घड्याळ. टाचांना आणि कोपरांना मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल. आठ वर्षांत आजोबांना एकदाही जखम झाली नाही. मागे माझ्या सासऱ्यांना मुंबईतल्या एका चांगल्या रुग्णालयात बारा दिवसांत झाली, तेव्हा मला आठ वर्षं म्हणजे काय ते कळलं.

पेज भरवण्याचीही तिची पद्धत होती. पातळ पेज चालायची नाही, ठसका लागतो आणि ती छातीत जाते. उकड्या तांदळाची पेज घोटून घोटून चमच्यावर थांबेल इतकी घट्ट करायची, पाठीशी तक्क्या लावून आजोबांना ताठ बसवायची आणि मग त्यांच्या गळ्याकडे बघत राहायची. घाटी हलली की पुढचा चमचा. एका वाटीला पाऊण तास. मी सुट्टीत भरवायला बसले की म्हणायची, "अगो, तोंडाकडे नको बघूस, गळ्याकडे बघ."

तिचे तीन मुलगे, तीन सुना. त्यात माझे बाबाही आले. सगळ्यांनी पैसे पाठवले, नियमित पाठवले. पण आठ वर्षांत एका माणसाने येऊन सलग आठ रात्री तिची झोप आपल्या अंगावर घेतली नाही. मीही नाही. मे महिन्यात यायचे, आंबे-फणस खायचे, लहानपणी विरीवर, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या रुंद देठावर, बसून अंगणभर ओढून घ्यायचो त्याच्या गप्पा मारायचे आणि जायचे. आज 'सोशिक' ऐकून राग आला त्याचं कारण हेच असावं. आपण काही केलं नाही, ते या शब्दाखाली छान झाकलं जातं.

दुपारी सगळे गेल्यावर काकू माळ्यावर चढली. यंदा पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला, त्यामुळे रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, सगळं बिघडलं. सालींना रसाची पुटं द्यायची, वाळवायची, पुन्हा रस, पुन्हा ऊन. चार पुटं झाली आणि आभाळ भरलं. अर्धवट आमसुलं चुलीवरच्या माळ्यावर पसरली आहेत, धुराचा वास लागणार. तिथेच काकूला आजीचा पत्र्याचा डबा सापडला. आत मुठेलाचे दोन गोळे, फडक्यात बांधलेले. बिया कुटून उकळायच्या, वर आलेलं तेल थिजलं की मुठीत दाबायचं, म्हणून मुठेल. गोळ्यांखाली घडी घातलेलं २०२०चं कॅलेंडर.

दुधाचा हिशोब असेल असं वाटलं. होताही, कोपऱ्यात. पण प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात 'डा उ डा उ'. मध्येच 'पेज २ वाट्या', 'शौचास झाली', 'शौचास नाही'. पानामागून पान.

मी अर्थातच जून काढला.

त्या दिवशी आम्ही मुंबईत होतो, टाळेबंदीत अडकलेले. दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर धडकलं आणि फोन बंद पडले. पाचव्या दिवशी कळलं की दोघं आहेत. पुढची गोष्ट शेजारच्या काकांकडून ऐकलेली. कौलं उडायला लागली तेव्हा त्यांनी आणि आजीने मिळून खाट बाळंतिणीच्या खोलीत ओढली. चिऱ्याच्या जाड भिंती, एकच झरोका. माझे बाबा त्याच खोलीत जन्मले. आजोबांच्या अंगावर पाणी गळायला लागलं तेव्हा तिने मेणकापड त्यांच्यावर घातलं आणि स्वतः पातेलं डोक्यावर धरून बसली. हे सांगताना काका दरवेळी हसतात. वीज यायला आमच्या आळीत महिना लागला.

३ जूनच्या चौकटीत शाई फुटली आहे, पण वाचता येतं. 'डा उ डा उ'. खाली एकच शब्द, 'वारा'.

४ जून : 'डा उ डा उ. पोफळी ४० गेल्या. ह्यांना ताप नाही.'

श्रीवर्धनची सुपारी म्हणजे रोठा, तिच्यावर आमचं घर चालायचं. नवी पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं. चाळीस गेल्या हे तिने तापाच्या बातमीइतक्याच जागेत लिहिलंय.

आजोबा त्याच वर्षी डिसेंबरात गेले. त्या चौकटीत 'पहाटे' एवढंच आहे. पुढच्या बारा चौकटी कोऱ्या, दूधही लिहिलेलं नाही. मग एका चौकटीत आडव्यातिडव्या अक्षरात : 'दुपारी झोप लागली. कोणी उठवलं नाही.'

काकूला वाचून दाखवलं. ती पदराने डबा पुसत होती, पुसतच राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी आले होते गो त्या दुपारी. दारातून परत गेले."

कॅलेंडर मी घेऊन जातेय. काकू म्हणते, डांबरगोळी टाक, नाहीतर कसर लागेल. मुठेलाचा एक गोळा तिने ठेवून घेतला, तिच्या टाचा फार फुटल्यात. बाहेर पाऊस थांबलाय. उद्या ऊन पडलं तर पाचवं पूट देऊन बघू म्हणाली.