टॉमच्या तोंडाला मी काहीच लावलं नव्हतं

मी नाटकांची रंगभूषा करतो. मागच्या आठवड्यात माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिरात एका हौशी ग्रुपचा प्रयोग होता, 'टू किल अ मॉकिंगबर्ड'चं मराठी रूपांतर, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलोय.

हार्पर लीची ही कादंबरी 1960 ची, गोष्ट 1930 च्या दशकातल्या अलाबामाची. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आळ येतो, अ‍ॅटिकस फिंच वकील तो खोटा आहे हे कोर्टात उघड करतो, तरी सगळी गोरी ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

रंगीत तालमीला दिग्दर्शक म्हणाले, "दादा, टॉमला जरा चांगला काळाकुट्ट करा, शेवटच्या रांगेतून कळलं पाहिजे." मी सरळ नाही म्हटलं. टॉम करणारा पोरगा नांदेडकडचा, मुळातच चांगला काळा आहे. आणि नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांची टिंगल करायचे, तिकिटं लावून. ज्या नाटकात टॉमची बाजू घ्यायची त्यातच आपण ते करायचं? शिवाय जज, शेरीफ, अ‍ॅटिकस यांना कोणी पांढरं करा म्हणालं नाही. डोंबिवली-बोरिवलीची माणसं आहेत त्या चेहऱ्याने गोरी झालेली चालतात, रंग फक्त टॉमलाच पाहिजे. बराच वाद झाला, शेवटी ते "बघा, तुमची जबाबदारी" म्हणून निघून गेले. वर अ‍ॅटिकस करणाऱ्याने हळूच येऊन दोन शेड उजळ मागितली. इतकं वाचणारी, बोलणारी माणसं आरशासमोर बसली की अशी का होतात मला कळत नाही.

माझी सगळी मेहनत होती टॉमच्या डाव्या हातावर. खटला त्या हातावरच उभा आहे. मार मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा, तिचा बाप डावखुराच आहे, आणि टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये जाऊन निकामी झालेला, उजव्यापेक्षा फूटभर आखूड. स्टेजवर हात आखूड कसा दाखवणार? बाही ढगळ घेतली, कोपर आत दुमडून वर ओढून धरायला लावलं, म्हणजे फक्त पंजा डोकावतो. पंज्यावर बोटांच्या हाडांमधल्या खाचांत गडद तपकिरी शेड, हाडांच्या वर किंचित उजळ, आणि मग कलोडियनचे, म्हणजे जखमेचे व्रण करायला वापरतात त्या द्रावाचे, थर. ते वाळताना कातडी आत ओढतं, जुनी जखम भरून आल्यासारखं दिसतं, पण एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही आणि तोवर बोट हलवायचं नाही, पोरगा बिचारा तिसऱ्या घंटेपर्यंत तसाच बसून होता. चेहऱ्याला काही नाही, कपाळावर फक्त घामासाठी ग्लिसरीन-पाणी. लाईटवाल्याला सांगून साइडने अ‍ॅम्बर, म्हणजे पिवळसर-केशरी लाईट घेतला, कारण काळ्या चेहऱ्यावर समोरून भसाभस लाईट मारला की तो सपाट होतो आणि निळा मारला की राखेसारखा पडतो.

साक्षीच्या सीनला शपथ घेताना टॉमचा तो निकामी हात बायबलवरून घसरला तेव्हा विंगेत माझ्या अंगावर काटा आला.

प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये लोक भेटायला आले. एक काकू, डोळे रडून लाल, खरंच मनापासून रडलेल्या, मला म्हणाल्या, "टॉमचा मेकअप तुम्हीच केलात ना? काय हुबेहूब काळं केलंत हो त्याला!" तो माझ्या शेजारीच खुर्चीत हातावरचं कलोडियन सोलत बसलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "हो काकू, दादांचा हात खूप चांगला आहे." त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

मी विचारलं, अरे खरं का नाही सांगितलंस? तर म्हणतो, "दादा, सांगितलं असतं तर त्यांना लाज वाटली असती आणि मग मलाच त्यांची समजूत काढत बसावं लागलं असतं. हे नेहमीचंय."

यावर मला काही बोलता आलं नाही. दिग्दर्शकांना फोन करून म्हटलं, पुढच्या प्रयोगाच्या आधी अनाउन्समेंट करा की टॉमचा चेहरा त्याचा स्वतःचा आहे. ते म्हणतात प्रेक्षक दुखावतील. पोराला विचारलं तर म्हणतो, मला विचार करू दे. त्याने हो म्हटलं तर मी दिग्दर्शकांशी परत भांडणार आहे.