कांदा-स्क्वॅश, अपडेट ७: ॲनाफेज सापडली!!

मंडळी, सापडली! कांद्याच्या मुळाचं टोक काचेवर दाबून पसरायचं (तो स्क्वॅश) आणि त्यात विभागणाऱ्या पेशी शोधायच्या, हे चाललंय; गुणसूत्रं दोन टोकांकडं ओढली जातात ती अवस्था म्हणजे ॲनाफेज. काल रात्री पावणेबाराला, मायक्रोस्कोपच्या ४०एक्स लेन्सखाली. एकाच पेशीत गुणसूत्रांचे दोन झुपके, एक वर एक खाली, आणि प्रत्येक गुणसूत्राचं शेपूट मागं लोंबतंय, ओढत नेल्यासारखं. मी आईला झोपेतून उठवून दाखवलं.

मागच्या तीन अपडेट वाचल्यात त्यांना माहितीये काय अडलं होतं. मुळं येत होती, टोकाचे २ मिमीच घेत होतो, फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा टिकवणारं अल्कोहोल-ॲसिटिक ॲसिडचं मिश्रण) ताजं ३:१, मूळ मऊ करायला एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) १ नॉर्मल ६० अंशाला ८ मिनिटं (थर्मासमध्ये, ती आयडिया अजून मस्त चालतेय), स्क्वॅशही एका थराचा पसरायला लागलेला, पण फील्डमागून फील्ड नुसती इंटरफेज, म्हणजे न विभागणाऱ्या पेशी. गोल केंद्रक, त्यात न्यूक्लिओलसचा फिकट ठिपका, बस्स. सतरा स्लाइड अशा गेल्या.

आधी स्टेनवर (पेशी रंगवायच्या रंगावर) संशय. कुरिअरनं मागवलेलं ॲसिटोकार्मिन पाण्यासारखं फिकं निघालं नि तळाला गाळ, परत मागवणार नाही. घरीच केलं, ४५ टक्के ॲसिटिक ॲसिड १०० मिली, त्यात १ ग्रॅम कार्मिन, मंद आचेवर उकळून गाळलं. वास फार येतो, गच्चीवरच करा. आणि लोखंडी सुईची युक्ती खरी आहे बरं का, स्टेनच्या थेंबात मूळ लोखंडी सुईनं टोचत राहायचं, स्टेनलेस नको, लोखंडाचा अंश रंगात उतरतो आणि गुलाबीचा गर्द लालजांभळा होतो. केंद्रकं इतकी सुंदर रंगली की बघत बसावं. पण इंटरफेजच! म्हणजे स्टेनचा दोष नव्हता, पेशी विभागतच नव्हत्या.

उत्तर आईनं दिलं. ग्लासातलं पाणी बदलत होतो तर म्हणाली, "एवढ्या उन्हात कांद्याचं रोप लावतंय का रे कोण? त्याला गारवा लागतोय." बाहेर ४२, खोलीत ३६, ग्लासातलं पाणी मोजलं तर ३४! आपण सोलापूरचे, ३४ आपल्याला काहीच वाटत नाही, पण कांद्याच्या मुळाला विशीतलं तापमान मानवतं. पार्क चौकाजवळून एवढ्या महागाचं कव्हरस्लिप आणलं, ऑर्सिन हा दुसरा स्टेन शोधत फिरलो, आणि थर्मामीटर पाण्यात बुडवायचं मात्र सुचलं नव्हतं.

मग एकाच पिशवीतले कांदे दोन ग्लासांवर बसवले. एक तसाच. दुसऱ्या ग्लासाला आपला सोलापुरी टॉवेल ओला करून गुंडाळला, टॉवेलचं टोक खाली पाण्याच्या ताटलीत सोडलं नि ग्लास माठाशेजारी खिडकीत ठेवला. आपल्याकडची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, ग्लासातलं पाणी २६ वर आलं. टेरीचाच टॉवेल घ्या, साधं फडकं तासाभरात वाळतं. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडची मुळं एकाच वेळी फिक्स केली आणि ५००-५०० पेशी मोजल्या. गरम ग्लास: विभागणाऱ्या ३. गार ग्लास: ३८!! प्रोफेज (विभागणीची सुरुवात) भरपूर, मेटाफेज (गुणसूत्रं मधोमध रांगेत) ६, आणि ती ॲनाफेज.

ती बघताना डोक्यात एकच चालू होतं. कांद्याचा जीनोम (डीएनएचा एक पूर्ण संच) माणसाच्या साधारण पाचपट, म्हणून तर गुणसूत्रं एवढी दणकट दिसतात. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर १० मीटरच्या वर भरतो, म्हणजे नऊवारीपेक्षा लांब, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. विभागायच्या आधी तर त्याची दुसरी प्रतही तयार झालेली असते. मामांच्या कारखान्यात कांड्या भरताना सूत जरा ढिलं पडलं तरी गुंता होतो, आणि इथं १६ कांड्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळून, दोन्हीकडं सारख्या वाटून, गुंता न होता. फ्लेमिंगनं १८८२ मध्ये सॅलमँडरच्या अळीच्या पेशी बघून या सगळ्याला मायटोसिस नाव दिलं, तेही धागा या ग्रीक शब्दावरूनच. क्रोमोसोम हा शब्द पुढं १८८८ मध्ये आला.

१६ मोजायचे मात्र राहिलेत. सगळ्यात चांगल्या मेटाफेजमध्ये १४ नक्की मोजले, बाकीचे एकमेकांवर. पीडीबीच्या (पॅराडायक्लोरोबेंझिन) संपृक्त पाण्यात ३ तास मुळं ठेवली तर स्पिंडल (गुणसूत्रं ओढणारे धागे) बनत नाही, गुणसूत्रं आखूड होऊन सुटी पसरतात, ते करून बघणार. याच कामाला कोल्चिसिन सुचवलेल्यांना, ते विषारी आहे, घरात आणणार नाही.

त्यानंतर कंबर तलावातून हायड्रिला आणून पेशीतलं हरितलवकांचं फिरणं शूट करायचं ठरलं होतं, पण हे टाइप करता करताच वेगळं सुचलं: ज्वारी! मोहोळची मालदांडी ३५-१ घरात पोत्यानं आहे, ओल्या फडक्यात दोन दिवसांत मुळं सोडते, आणि उष्णतेचं तिला काही वाटत नाही, म्हणजे टॉवेलची भानगडच नको. गुणसूत्रं २०, पण जीनोम कांद्याच्या विसाव्या भागाएवढाही नाही, म्हणजे ती बारीक ठिपक्यांसारखीच दिसणार, १००एक्स ऑइल लेन्सशिवाय (लेन्स नि स्लाइडच्या मध्ये तेलाचा थेंब) जमायचं नाही. माझं सीडरवुड तेल वाळून लेन्सवर चिकटतं, सिंथेटिकच घ्यावं लागेल. हायड्रिला पावसाळ्यात बघू.

मूठभर दाणे आत्ताच वाटीत भिजत घातलेत, सकाळी फडक्यात बांधतो.