गाडीतील घड्याळासाठी मंद एलईडी

माझ्या जुन्या सेडानमधील घड्याळ दिवसा व्यवस्थित वेळ दाखवत होते, मात्र पार्किंगचे दिवे लावल्यावर त्याच्या मागून येणारा हिरवट उजेड बंद झाला होता. अशा वेळी घड्याळच बिघडले असे समजून अनेक जण जुन्या बाजारात दुसरे शोधू लागतात. वास्तविक अशा एलसीडी घड्याळाला वेळ राखण्यासाठी बॅटरीचा कायमचा पुरवठा असतो आणि मागील उजेडासाठी पार्किंगच्या दिव्यांबरोबर चालू होणारी वेगळी वायर असते. दिवसा आकडे दिसतात आणि रात्री दिसत नाहीत, याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की आतला बल्ब गेला आहे.

हा बल्ब म्हणजे करंगळीच्या नखाएवढा, पितळी टोपण नसलेला, काचेच्या बुडालाच तारा वळवलेला १२ व्होल्ट, १.२ वॅटचा दिवा. दुकानात तो टी-५ म्हणून मागावा. आज प्रश्न पडतो की कंपनीने तेथे आधीच एलईडी का बसवला नाही. त्याचे उत्तर गाडीच्या वयात आहे. प्रखर निळा एलईडी १९९३ साली आला, त्यावर पिवळा फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारा लेप) चढवून तयार होणारा पांढरा एलईडी १९९६ साली बाजारात आला आणि माझ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच सुमारास आखला गेला होता. त्या काळी डॅशबोर्डमध्ये सर्रास फिलामेंटचेच, म्हणजे आतली तार तापून उजळणारे बल्ब असत.

घड्याळ बाहेर काढण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे प्लास्टिक थोडे मऊ असते, म्हणून हे काम थंडीतल्या सकाळी करण्यापेक्षा दुपारी करावे आणि चौकट उचकटण्यासाठी लोखंडी स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरावी. बल्बचा होल्डर मागून पाव फेरा फिरवला की सुटतो.

खरी अडचण पुढे आहे. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, विचारणा केली की दुकानदार सर्वांत प्रखर, निळसर पांढरा एलईडी पुढे करतो आणि ‘कमी वीज खातो’ हेही ऐकवतो. जेथे हेडलाइटचा एकेक दिवा ५५ वॅट घेतो, तेथे घड्याळातील एका वॅटची बचत हा विनोदच म्हणावा लागेल. एलईडी घ्यावा तो टिकाऊपणासाठी, कारण त्यात धक्क्याने तुटणारी तार नसते. उजेड मात्र आधीच्या बल्बाहून जास्त नको. अंधाऱ्या घाटात गाडी चालवताना डोळ्यांच्या कोपऱ्यात सतत चमकणारे घड्याळ हा निव्वळ त्रास आहे.

रंगाचाही विचार करावा लागतो. माझ्या बल्बवर हिरवी रबरी टोपी होती आणि ती फिलामेंटच्या पिवळसर उजेडाला धरून निवडलेली होती. त्याच टोपीतून निळसर पांढरा उजेड सोडला तर शेजारच्या स्पीडोमीटरच्या हिरव्याशी तो जुळत नाही. म्हणून मी वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा एलईडी घेतला, टोपी त्यावर बसेल इतका लहान. फिलामेंटचा उजेड चहूबाजूंना पसरतो, तर एलईडीचा बराचसा समोरच जातो. त्यामुळे मधले आकडे लख्ख आणि कडेचे अंधुक दिसू लागतात. एलईडीचे गोलसर टोक बारीक पॉलिश पेपरने घासून धुरकट केल्यावर हा फरक पुष्कळ कमी होतो.

यानंतर डिमर, म्हणजे डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करणारे बटण. जुन्या पद्धतीचा डिमर दिव्यांना मिळणारा व्होल्टेज घटवतो. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो, म्हणजे १४ व्होल्टचे ७ झाले की उजेड सुमारे एक दशांशावर येतो. रेझिस्टरसह (प्रवाहाला मर्यादा घालणाऱ्या रोधकासह) जोडलेल्या पांढऱ्या एलईडीवर मात्र सुमारे ३ व्होल्ट पडतात, म्हणून प्रवाह ११ भागांवरून ४ भागांवर येतो आणि उजेड एक तृतीयांशाहून अधिक उरतो. परिणामी डिमर खाली केला की सगळे मीटर मंदावतात आणि घड्याळ तेवढे एकटेच डोळ्यांत भरते. यावर माझा उपाय असा की एलईडी मुळातच मंद ठेवावा. मी सुटा एलईडी घेऊन त्याला २.२ किलोओहमचा रेझिस्टर डाख देऊन जोडला; इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४ व्होल्टवर त्यातून सुमारे ५ मिलीअँपिअर प्रवाह जातो आणि पाव वॅटचा रेझिस्टर तापतही नाही. तयार टी-५ एलईडीत रेझिस्टर आधीच असतो, तेव्हा त्याला मालिकेत आणखी एक जोडून उजेड उतरवावा.

एलईडीला धन आणि ऋण बाजू असते. काही जपानी गाड्यांत डिमर ऋण बाजूला असतो, म्हणून दोनपैकी एक तार थेट गाडीच्या बॉडीला (ऋण बाजूला) जोडलेली आहे असे समजून चालू नये, मल्टिमीटरने पाहावे. एलईडी उलटा बसला तर तो सहसा नुसता पेटत नाही. काढून फिरवून लावला की झाले.

घड्याळाचे काम पाहून एका मित्राने संपूर्ण मीटर कन्सोल एलईडीचा करण्याचा सल्ला दिला. उजेडाचे बल्ब बदलायला हरकत नाही, पण बॅटरीच्या खुणेचा इशारा-दिवा मी बदलणार नाही. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) सुरू होताना त्याला लागणारा आरंभीचा प्रवाह याच बल्बमधून जातो. तेथे मोजका प्रवाह घेणारा एलईडी बसवला तर इंजिन चालू झाल्यावरही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा रेस वाढवल्याशिवाय सुरू होत नाही. त्या जागी फिलामेंटचाच बल्ब हवा.