मुंबई टांकसाळीचे ब्रिटिश व्यापारी डॉलर : पारखीची चौथी नोंद

माझ्याकडच्या पाच व्यापारी डॉलरांची तपासणी या महिन्यात पूर्ण झाली आणि त्यांतले दोनच खरे ठरले. उरलेली तीन नाणी तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर बाद झाली, म्हणून तो क्रम तपशिलाने लिहून ठेवतो.

ब्रिटनने हा डॉलर 1895 ते 1935 या काळात हाँगकाँग, मलायातील सामुद्रधुनी वसाहती आणि चिनी बंदरांतील व्यापारासाठी पाडला. हाँगकाँगची स्वतःची टांकसाळ 1866 साली सुरू होऊन 1868 मध्येच बंद पडली होती आणि तिची यंत्रे जपानमध्ये ओसाकाला गेली होती. त्यामुळे हे काम मुख्यतः मुंबईच्या टांकसाळीकडे आले. वजन 416 ग्रेन, म्हणजे सुमारे 26.95 ग्रॅम, व्यास 39 मिलिमीटर आणि हजारांत 900 भाग चांदी, असे त्याचे प्रमाण आहे. एका बाजूस त्रिशूळ व ढाल घेतलेली उभी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती, दुसऱ्या बाजूस मध्यभागी दीर्घायुष्याचे चिनी अक्षर आणि चिनी व जावी (मलाय भाषेसाठीच्या अरबी वळणाच्या) लिपींत मूल्य आहे. मुंबईची खूण असलेले ‘बी’ हे अक्षर त्रिशुळाच्या मधल्या पात्यावर इतके बारीक कोरलेले असते की ते भिंगाशिवाय दिसणे कठीण.

नाणे हातात घेण्याआधी साल पाहावे, कारण या पायरीला काहीच खर्च नाही. 1905, 1906 आणि 1914 ते 1920 या वर्षांचा व्यापारी डॉलर पाडलाच गेला नाही. गेल्या महिन्यात एका विक्रेत्याकडे 1906 सालचे नाणे दिसले, तेव्हा मी ते न तोलताच परत ठेवले.

वजनात 1908 सालच्या दोन नाण्यांपैकी पहिले लगेच पडले, कारण ते 23.4 ग्रॅम भरले. कितीही वापरलेला डॉलर झिजून साडेतीन ग्रॅम गमावत नाही, आणि गमावलेच तर त्यावरची ब्रिटानिया जवळजवळ पुसलेली असायला हवी. या नाण्यावर तर तिच्या वस्त्राच्या चुण्याही शाबूत होत्या.

खरे काम घनतेने केले. झिजेने वजन घटते, पण घनता बदलत नाही, आणि या एकाच गुणासाठी मी तिला वजनापेक्षा वरचा मान देतो. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि नाणे दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पूर्ण बुडवायचे. काटा जेवढे ग्रॅम दाखवील तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचे आकारमान समजायचे आणि कोरड्या वजनाला त्याने भागायचे. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात द्रव साबणाचा एक थेंब टाकतो. पद्धतीची खात्री करण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळातला अर्धा क्राउन, म्हणजे ब्रिटनचे चांदीचे नाणे, आधी तोलला. तो स्टर्लिंगचा, म्हणजे हजारांत 925 भाग चांदीचा असल्याने उत्तर 10.36 च्या आसपास यायला हवे होते आणि ते 10.37 आले. शिलिंग यासाठी वापरू नये, कारण त्याचे आकारमान अर्ध्या घन सेंटिमीटरच्या थोडेच वर असते आणि शतांश ग्रॅमची चूकही उत्तर दोन टक्क्यांनी हलवते. आणखी एक सावधगिरी अशी की 1920 साली ब्रिटनने आपल्या नाण्यांतील चांदी हजारांत 500 वर आणली. त्यामुळे त्यानंतरच्या अर्ध्या क्राउनची घनता 9.7 च्या जवळ आली तर त्याला खोटे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

व्यापारी डॉलरसाठी अपेक्षित आकडा 10.31 आहे. माझी 1899 आणि 1911 सालची नाणी अनुक्रमे 10.31 आणि 10.30 आली. 1902 सालच्या नाण्याचे वजन 26.90 ग्रॅम, म्हणजे जवळपास अचूक होते, पण पाण्यात काट्याने 3.03 दाखवले आणि घनता 8.88 निघाली. हा तांबे-निकेलच्या मिश्रणाचा आकडा आहे. हलक्या धातूत वजन साधण्यासाठी ते नाणे जाड केलेले होते, आणि खऱ्या नाण्याशेजारी उभे धरल्यावर ती जाडी डोळ्यांनाही कळली. टिचकी मारल्यावर त्याचा आवाज बद्द येतो, 1899 चा खणखणीत.

1908 सालच्या दुसऱ्या नाण्याने मात्र दोन आठवडे घेतले. वजन 26.71 ग्रॅम आणि तीन वेळा मोजूनही घनता 10.15 ते 10.20 होती. म्हणजे धातू चांदीच, पण आतून किंचित सच्छिद्र. भिंगाखाली सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, ‘बी’च्या पोटातल्या दोन्ही जागा बुजलेल्या होत्या आणि कडेवरच्या खाचांत एका ठिकाणी कानस फिरल्याच्या रेषा होत्या.

त्यावर चिनी सराफाचा ठसाही होता. तिथले सराफ तपासलेल्या नाण्यावर आपली मुद्रा ठोकत. (हाँगकाँगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीला आजही ‘श्रॉफ’ म्हणतात, तो आपला सराफच.) ठोकलेल्या मुद्रेचा तळ धारदार असतो. माझ्या 1899 च्या नाण्यावरील मुद्रा तशीच आहे. या नाण्यावरील मुद्रेचा तळ मात्र मऊ आणि गोलसर होता. मग सहज पहिले, 23.4 ग्रॅमचे नाणे शेजारी ठेवले, तेव्हा तीच मुद्रा, त्याच जागी, त्याच कोनात त्यावरही सापडली. हाताने ठोकलेली मुद्रा दोन नाण्यांवर इतकी तंतोतंत जुळत नाही. दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून घेतलेल्या साच्यांतून ओतलेली आहेत, एक हलक्या धातूचे आणि एक चांदीचे.

तिन्ही खोटी नाणी वजन, घनता आणि दोष लिहिलेल्या पाकिटांत वेगळी ठेवली आहेत आणि ती विकणार नाही. 1908 च्या त्या मुद्रेचे मोजमाप व कोन टिपून ठेवला आहे, कारण त्याच मूळ नाण्याची आणखी ओतीव प्रत बाजारात असणार.