हो, पोटात असताना घेतली होती

हळदीकुंकू असो, बारसं असो, प्रश्न येतोच. ‘काय गे, हा पोटात असताना ती कोरोनाची लस घेतली होतीस म्हणे?’ विचारणारीचे डोळे माझ्याकडे नसतात, माझ्या लेकाकडे असतात. तो चार वर्षांचा आहे आणि तीन पुरी होईस्तोवर धड एक शब्द बोलला नव्हता. तेवढं तुम्हाला माहीत असतं, म्हणून तर विचारता.

घेतली. ऑगस्ट २०२१, सहावा महिना, कोविशील्ड, डावा हात. त्याच गरोदरपणात त्याच हातावर टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची दोन इंजेक्शनं झाली, तारखा थायी कार्डावर (आमच्या कर्नाटकातलं गरोदर बाईचं कार्ड) आहेत. त्यांच्याबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. उलट ती चुकवू नको म्हणून सासूबाईच मागे लागल्या होत्या. त्यांचा पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला. नाळ घरच्या विळ्यानं कापलेली. अंगावर प्यायचं थांबला, मग जबडाच धरला. बाळांतला हा धनुर्वात देशातून जवळपास हटला, असं २०१५ साली जाहीर झालं, ते आयांना टोचलेल्या याच इंजेक्शनांमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे. हे मी सासूबाईंना सांगायची गरजच नाही. खरं ती लस वेगळी आणि ही वेगळी, असं त्या म्हणतात.

वेगळी आहेच. गोवर-रुबेलासारखी जिवंत लस गरोदर बाईला देतच नाहीत. कोविशील्डमधला विषाणू शरीरात वाढू शकत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच ते पाठांतर वाटतं.

पण मी धीट होते असं समजू नका. गरोदर बायकांना लस द्यायची परवानगी आली २ जुलैला, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी केंद्रावर गेले होते. शाळेचा व्हरांडा, पावसानं ओली फरशी, भिंतीला टेकवलेल्या छत्र्या. टेबलावरच्या बाईंनी पोटाकडे पाहिलं. ‘एष्टु तिंगळ?’ किती महिने, असं कन्नडमधून. मी पाच बोटं दाखवली. मग मराठीत, ‘मालकांची सही आणलाय काय?’ असा काही नियम नव्हता, मला ठाऊक होतं. रेशनच्या दुकानात मापात मूठभर तांदूळ कमी आले तरी मी भांडते. त्या दिवशी ‘बरं’ म्हटलं आणि वळले. रिक्षात बसल्यावर कसं वाटलं सांगू? सुटल्यासारखं. आता काही झालं तर दोष त्या बाईंचा. घरी येऊन सांगितलं, ‘दिली नाही.’ सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मीही खाल्ली.

त्या रात्री झोप लागली नाही. कागलची माझी चुलत बहीण मे महिन्यात गेली होती, सातवा चालू असताना. दोन्हीकडे लॉकडाउन, मधे राज्यांच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका. तिला शेवटचं पाहिलं ते मोबाइलवरच. दवाखान्यात जायच्या आधी तिनं फोनवर विचारलं होतं, ‘तुमच्या कर्नाटकात तरी पोटुशीला देतात काय गे?’ तेव्हा देशात कुठंच देत नव्हते. आणि मला मिळत होती, तर मी साखर खात बसले होते.

तरी परत जायला तीन आठवडे लावले. नवरा खिशात पेन घेऊन बरोबर आला. या खेपेला सही कुणी मागितलीच नाही. एक दिवस ताप आला. दुसरा डोस ८४ दिवसांनी, तोवर हा मांडीवर होता.

आता त्याचं बोलणं. कान तपासले, ऐकू येतं. थेरपी चालू आहे. का उशीर झाला, ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलेलं नाही. पण आमच्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, लस. दुसरं, घरात मराठी आणि अंगणवाडीत कन्नड, पोरगं गोंधळलं. (या दुसऱ्या उत्तरावर माझे सासरे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभेतल्यासारखे बोलतात, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या.) दोन भाषांनी मूल मुकं होत नाही, हे थेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. अख्खं बेळगाव दोन-तीन भाषा बोलतंय की.

आणि तरीही. लसीमुळेच झालं का, हा तुमच्या मनातला प्रश्न रात्री अडीच वाजता फोनच्या उजेडात मीही टाइप केलाय, तुमच्याहून जास्त वेळा. उत्तर दर वेळी ‘नाही’ असंच येतं. मी फोन उलटा ठेवते आणि चार दिवसांनी पुन्हा विचारते. जुलैतली ती रिक्षातली बाई अजून माझ्यात बसलेली आहे, तिला कुणाची तरी सही हवी असते.

गेल्या दिवाळीत सासूबाई त्याला भात भरवत होत्या. चौथ्या घासाला त्यानं तोंड फिरवलं आणि स्पष्ट म्हणाला, ‘ब्याड.’ कन्नडमधलं नको. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी मला हाक मारली, ‘अगं ये, बोलला बघ!’ आणि सासऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.