नॉटिलस, नोंद सातवी: अखेर मूळ चित्रपट पाहिला

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की डिस्नेच्या चित्रपटातल्या नॉटिलस पाणबुडीच्या माझ्या मॉडेलचा सांगाडा झाला, पाठीवरचा करवती कणा झाला, पण सुकाणूघर काही केल्या शोभत नाही. दोन गोल डोळ्यांचा तो उंचवटा मी तीनदा कापला, तीनदा बसवला. मापं फोटोशी जुळत होती, तरी लांबून पाहिलं की पाणबुडीच्या अंगावर कुणा दुसऱ्याच प्राण्याचं मुंडकं ठेवल्यासारखं वाटे. एक-दोघांनी तेव्हाच विचारलं होतं, "चित्रपट पाहिलास का?" नव्हता पाहिला. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न लहानपणी वाचला तेव्हापासून माझी नॉटिलस माझ्या डोक्यातच होती. पुढे चित्रपटातली नॉटिलस रचणाऱ्या हार्पर गॉफची रेखाटनं हाती आली आणि थेट बांधायलाच घेतली. मॉडेल पुरं झाल्याशिवाय चित्रपट पाहायचा नाही, असं ठरवलं होतं. ते चुकलंच.

शनिवारी रात्री दिवे घालवून 1954 चा 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' लावला. 127 मिनिटं. आईही शेजारी येऊन बसली.

आधी मॉडेलचं सांगतो. हा डिस्नेच्या सुरुवातीच्या सिनेमास्कोप चित्रपटांपैकी एक. सिनेमास्कोपचं भिंग चित्र आडवं दाबून फिल्मवर उतरवतं आणि प्रोजेक्टर ते पडद्यावर पुन्हा दुप्पट रुंद करतो. तेव्हा अशी भिंगं दुर्मीळ होती. लहान मॉडेलवरचे काही शॉट साध्या भिंगाने घेता यावेत म्हणून त्या लोकांनी नॉटिलसचं एक मॉडेल मुळातच आडवं दाबून बांधलं. पडद्यावर ताणलं की ते बरोबर दिसायचं! मला हे माहीत होतं, पण माहितीचा तुकडा म्हणूनच. चित्रपटात सुकाणूघर समोर आलं आणि मी चटकन रिमोट दाबला. ते बसकं आहे, रुंद आहे, सुसरीच्या कपाळासारखं. माझं उंच आणि अरुंद. मी ज्या जवळून घेतलेल्या फोटोवरून मापं काढली तो दाबलेल्या मॉडेलचा असणार, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. एकूण लांबी मी वेगळ्या आराखड्यावरून घेतली होती (200 फुटांची पाणबुडी, 1:144 या प्रमाणात मॉडेल सुमारे 42 सेंटिमीटर), म्हणून बाकी सगळं नीट आणि डोकं तेवढं परकं. तुमच्यापैकी कुणी ही पाणबुडी बांधत असेल तर एक करा. फोटोत डोळ्याची खिडकी दिसत असेल तर तिची रुंदी आणि उंची मोजा. समोरून घेतलेल्या फोटोतही ती उभट लंबगोल दिसली, तर तो फोटो बाजूला ठेवा.

दुसरी चूक उजेडाची. मी डोळ्यांत पांढरे एलईडी घातले होते. पण ही पाणबुडी पहिल्यांदा दिसते ती अंधारात पाण्यातून चाल करून येणाऱ्या उजेडासारखी, आणि लोक तिला राक्षस समजतात. व्हर्नच्या कादंबरीतली नॉटिलस सिगारसारखी, 70 मीटर लांब. गॉफने तिला सुसरीचे डोळे, शार्कचा पर आणि शेपूट दिली आणि सगळ्या अंगावर लोखंडी पत्रे रिव्हेटांनी ठोकलेले दाखवले. हे केवळ सजावटीसाठी नाही. जहाजावरच्या खलाशाला ती जनावर वाटली पाहिजे, तरच गोष्ट चालते. पांढरे एलईडी काढले, पिवळट लावले, वर हिरव्या पारदर्शक रंगाचा एक हात दिला. आता ती बघते.

गॉफ कला-दिग्दर्शकांच्या युनियनचा सभासद नव्हता म्हणून कला-दिग्दर्शनाच्या ऑस्करवर त्याचं नाव लागलं नाही. हे वाचलं तेव्हापासून माझ्या मनाला लागून राहिलं आहे.

आता चित्रपट. पाणबुडीवरच्या महाकाय माकुळाच्या (स्क्विडच्या) हल्ल्याची कीर्ती ऐकून होतो. तो प्रसंग आधी शांत समुद्रावर, सूर्यास्ताच्या उजेडात चित्रित झाला होता. त्याला हलवणाऱ्या तारा दिसत होत्या, भिजून जड झालेला माकूळ लोळत होता. सगळं टाकून देऊन रात्र, वादळ, लाटा असं नव्याने केलं. तो माकूळ हलता करणारा रॉबर्ट मॅटी, ज्याने वीस वर्षांनी 'जॉज'चा शार्क बनवला. प्रसंग अजूनही अंगावर येतो. पण मला त्याहून भिडला तो समुद्रतळावरचा अंत्यविधी. बहामाजमध्ये, नासाउजवळच्या समुद्रात, खऱ्या पाण्यात चित्रित केलेला. जड शिरस्त्राणं घातलेली माणसं वाळूवरून संथ चालत येतात, वर होडीकडे जाणारी एकही नळी नाही, आणि नॉटिलसवर अडकलेला प्राध्यापक अॅरोनॅक्स खिडकीआडून ते बघतोय. संवाद नाहीत. मी हा भाग पुन्हा लावला, आईने हरकत घेतली नाही. पुढे नॉटिलसचा कप्तान नीमो ऑर्गन वाजवायला बसला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, हा माणूस आतून जळतोय."

जेम्स मेसनचा नीमो मला आवडला, मनापासून. पण एक रुखरुख राहिली. चित्रपटातल्या नीमोच्या दुःखाचं मूळ रुरा पेंथ नावाच्या कैदी-बेटावर आहे. व्हर्नने मात्र 1875 च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये उघड सांगितलंय की नीमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, 1857 च्या उठावात लढलेला. आधीच्या कादंबरीतही त्याची खूण आहे. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर तो एका गरीब मोतीवाल्या पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, मोत्यांची थैली देतो आणि म्हणतो की हा दडपलेल्या देशाचा माणूस आहे आणि मीही त्याच देशाचा. हा प्रसंग पडद्यावर नाही. मेसनच्या डोळ्यांतला राग मी त्या प्रसंगाशी जोडूनच पाहिला.

कामाची स्थिती अशी. सुकाणूघर चौथ्यांदा, या वेळी सनबोर्ड सोडून पॉलिस्टायरिनच्या पत्र्यात. रुंदी वाढवली, उंची जवळजवळ निम्मी केली. बुडाला एम-सीलची कड, रविवारभर वाळवली, सोमवारी पॉलिश पेपर. रिव्हेट मात्र सगळे खरवडून काढले. मी ते सरळ रांगेत एकसारखे मांडले होते, चित्रपटात पत्रे एकावर एक चढलेले आहेत आणि जोडाजवळ रिव्हेट दाट होतात. आता सुईच्या टोकाने फेव्हिकॉलचे थेंब ठेवतोय, भिंगाखाली, तासाला साधारण दोनशे. फेव्हिकॉल जरा जास्त पातळ केलं की थेंब पसरतो. पाणी अगदी नावापुरतं घाला.

मॉडेल ज्या बैठकीवर बसेल तिची पितळी पाटी कोरायला दिली. वर नॉटिलस, खाली बुंदेलखंड. डेकवर उभा करायचा नीमो बारा मिलिमीटरचा आहे, त्याचा चेहरा रंगवायचं अजून धाडस झालेलं नाही. डाव्या अंगाचे रिव्हेट झाले, उजवं अंग उद्यापासून.