फक्त पाच टक्के

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी पर्यावरण आणि सुरक्षा विभाग सांभाळते. मिरग तोंडावर आला असताना फरशी पुसायच्या जंतुनाशकाचे 200 लिटरचे ड्रम आले. गोदामात जागा नव्हती, म्हणून ते मागच्या यार्डात, पावसाळी गटाराला लागून रचले गेले. कागदांवर ‘नॉन-हजार्डस’ असे ठळक छापलेले.

मी ते हलवायला सांगितले, तर पुरवठादाराचा माणूस समजावू लागला, "मॅडम, यात औषध फक्त पाच टक्के. बाकी पाणीच. पेट घेत नाही, विषारी वाफ होत नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपले धोकादायक रसायनांचे नियम 1989 चे. भोपाळनंतर 1986 साली जो पर्यावरण कायदा आला, त्याखालचे. त्यांच्या पहिल्या परिशिष्टातले निकष विषारीपणा, ज्वलनशीलता आणि स्फोटकता पाहतात. विषारीपणा मोजायचा तो पोटात गेल्यावर, कातडीला लागल्यावर, श्वासावाटे आत गेल्यावर. तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्रायोगिक प्राणी मारणारी मात्रा, म्हणजे एलडी50, वजनाच्या किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या वर असली की पदार्थ त्या विषारी गटात बसत नाही. आमचे पाच टक्क्यांचे द्रावण त्याच्या कितीतरी वर होते. भोपाळमध्ये माणसांच्या फुफ्फुसांत विष गेले, तेव्हा आधी माणसाची काळजी झाली हे मला पटते. पण या निकषांत पाण्यातल्या जिवाला जागाच नाही.

मी त्या रसायनाचे सुरक्षा पत्रक मागवले आणि पर्यावरणावरच्या परिणामांचा बारावा विभाग उघडला. जंतू मारणारे मूळ द्रव्य क्वाटर्नरी अमोनियम संयुग. डाफ्निया या पाणपिसवावरची चाचणी: 48 तासांत निम्मे पाणपिसू निपचित पडायला लिटरमागे 0.016 मिलिग्रॅम पुरेसे. रसायनांच्या धोक्यांच्या संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस वर्गीकरणात हा आकडा एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असला की पदार्थ जलचरांसाठी ‘तीव्र, वर्ग 1’ ठरतो. 0.1 च्या खाली गेला की मिश्रणाचा हिशेब करताना टक्केवारीला दहाने गुणायचे, आणि बेरीज 25 टक्क्यांवर पोचली की पातळ केलेले मिश्रणही वर्ग 1 मध्येच राहते. पाच गुणिले दहा, पन्नास. ‘फक्त पाच टक्के’ इथेच कोसळले.

आमच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर, वर्षानुवर्षे काम करणारे काका शेजारी उभे होते. म्हणाले, "मॅडम, मला आकडे नकोत. हे जास्त आलं त्या दिवशी टाकीवर फेस चढतो आणि गाळ मरतो." त्यांचे निरीक्षण चोख होते. जंतू मारणारे द्रव्य सांडपाणी शुद्ध करणाऱ्या, गाळातल्या जंतूंनाही सोडत नाही.

मग यार्डातच हिशेब मांडला. एका ड्रममध्ये मूळ द्रव्य दहा किलो, म्हणजे एक कोटी मिलिग्रॅम. एक ड्रम फुटला, तर ते त्या 0.016 च्या पातळीवर आणायला साडेबासष्ट कोटी लिटर पाणी हवे. आमचे पठार जांभ्याचे, पाणी धरून न ठेवणारे, आणि साळ नदी उगम पावते ती वेर्ण्याच्याच परिसरात. तिथून ती बेतुलला समुद्राला मिळते. तिच्यावर मासे आणि खुबे काढून पोट भरणारी माणसे आहेत. हे द्रव्य कालांतराने विघटित होते हेही मी सांगितले, पण पावसाच्या पहिल्या लोंढ्यात मेलेल्या जिवाला त्याचा काय उपयोग?

पुरवठादाराच्या माणसाने एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली. मूळ द्रव्य समुद्रमार्गे येते तेव्हा पिंपावर मेलेला मासा आणि वाळलेले झाड यांचे चिन्ह असते. जहाजाच्या नियमांनी ते सक्तीचे. इथे पातळ करून नव्या ड्रममध्ये भरताना ते चिन्ह लावायला कुणी सांगत नाही, म्हणून लागत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी पोकळी हीच. ज्या हमालाने ड्रम गटाराशी रचला त्याला ते चित्र दिसले असते, तर त्यानेच विचारले असते.

व्यवस्थापक आधी "कायद्यात नाही ना?" म्हणाले. मी बारावा विभाग आणि आकडेमोड त्यांच्यापुढे ठेवली. संध्याकाळपर्यंत ड्रम बांध घातलेल्या शेडमध्ये गेले, गटाराच्या तोंडाला झडप बसवायचे ठरले. खरेदीच्या ऑर्डरमध्ये आता एक अट कायमची आहे: जलचरांच्या विषारीपणाचे वर्गीकरण आणि माशाचे चिन्ह ड्रमवर नसेल, तर माल गेटवरूनच परत.